त्याला बोलवायला कुणी गेलं नाही?

औंढा नागनाथाच्या दर्शनाला जे जाऊन आले आहेत, त्यांना ती खाली उतरण्याची जागा आठवत असेल. देऊळ बाहेरून ऐसपैस. खालचा भाग काळ्या दगडाचा, हेमाडपंती, हत्तींनी आणि देवदेवतांनी गच्च कोरलेला. वरचे शिखर मागाहून बांधलेले, पांढरे. औरंगजेबाच्या काळात मोडतोड झाली आणि अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असे सांगतात. पण देव वरच्या मोकळ्या मंडपात नाहीच. तो जमिनीच्या पोटात आहे. अरुंद वाटेने अंग चोरून, डोके सांभाळत खाली उतरावे, तेव्हा त्या बुटक्या, कोंदट गाभाऱ्यात नागनाथाची पिंड दिसते. लहानपणी आजीचा पदर धरून मी पहिल्यांदा तिथे उतरलो, तेव्हा मला रडू फुटले होते. आजी म्हणाली, "भितोस कशाला? देवाच्या घरात उतरायलोत आपण."

पुढे कितीतरी वर्षांनी एका इंग्रजी कादंबरीत मी पुन्हा तसाच जमिनीखाली उतरलो. तिथे मात्र खाली देव नव्हता.

कादंबरीचे नाव 'द मंक', म्हणजे मठातला साधू. लेखक मॅथ्यू लुइस. अहिल्याबाई गेल्या १७९५ साली; त्याच्या पुढच्याच वर्षी, १७९६ मध्ये, ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. लुइसने ती लिहिली तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. हॉलंडमध्ये हेगच्या ब्रिटिश वकिलातीत त्याला चिकटवून दिले होते, तिथे करण्यासारखे काही नव्हते, कंटाळा मात्र मुबलक होता. दहा आठवड्यांत कादंबरी पुरी केली, असे त्याने आईला पत्राने कळवले. आमच्याकडे एकोणीस वर्षांच्या मुलाला कंटाळा आला तर तो पारावर जाऊन बसतो. असो.

इंग्रजीत या जातीच्या कादंबऱ्यांना 'गॉथिक' म्हणतात. पडके किल्ले, भुयारे, तळघरे, खानदानी शाप, भुते आणि या सगळ्यात सापडलेली एखादी भाबडी मुलगी. पानिपतानंतर तीनच वर्षांनी, १७६४ साली, होरेस वॉलपोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहून हा प्रकार सुरू केला. पण त्यांतली भुते बहुतेक बाहेरची. लुइसने भूत माणसाच्या मनात नेऊन बसवले, आणि तेही साध्यासुध्या माणसाच्या नव्हे, तर अख्खे माद्रिद शहर ज्याच्या पायाशी लोटांगण घालते अशा साधूच्या.

मी ती १९८३ साली वाचली. औरंगाबादला इंग्रजी विषय घेऊन एम.ए. करत होतो. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक घेऊन आजोळी औंढ्याला आलो. दिवसभर ओसरीवर पालथा पडून वाचत होतो. दुसऱ्या दिवशी आजीने विचारलेच, "काय वाचायलास रे एवढं? जेवायचं भान न्हाई तुला."

"एका बुवाची गोष्ट आहे आजी," मी म्हणालो.

"मग आम्हालाबी सांग की."

आजीला अक्षर येत नव्हते. पण तिच्याइतकी जाणकार श्रोती मी नंतर विद्यापीठातही पाहिली नाही. श्रावणात 'नवनाथ भक्तिसारा'ची पोथी लागायची आणि चौथी-पाचवीपासून ती वाचायचे काम माझ्याकडे असायचे. एखादी ओवी मी गाळली तर आजी डोळे मिटलेल्या अवस्थेत म्हणायची, "मागं ये." तेव्हा त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मी गोष्ट सांगायला बसलो. आजी, मामी, शेजारच्या दोन म्हाताऱ्या, आणि खांबाला टेकून, जरा अंधारात, माझे थोरले मामा. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या फुशारकीने मी सांगत होतो. समोर कोण बसले आहे याचा विचार मी केला नव्हता.

गोष्ट अशी. अ‍ॅम्ब्रोसिओ हा कॅपुचिन पंथाच्या मठाचा प्रमुख, वय तीस. तान्हा असताना मठाच्या दारात कुणीतरी टाकून गेलेले मूल. मठाबाहेरचे जग त्याने पाहिलेलेच नाही. तो प्रवचनाला उभा राहिला की देवळात पाय ठेवायला जागा उरत नाही. बायका रडतात, सरदार मान खाली घालतात. प्रवचन संपवून तो खोलीत येतो, दार लावून घेतो आणि स्वतःशीच म्हणतो की, माझ्यासारखा दुसरा आहे कोण? इथे आजी नुसती "हं" म्हणाली.

त्याच्या खोलीत मेरीमातेचे एक चित्र आहे, त्यावर त्याची फार भक्ती. मठात रोझारिओ नावाचा एक कोवळा शिष्य येतो. एके दिवशी कळते की तो मुलगा नाहीच. ती माटिल्डा नावाची बाई आहे आणि भिंतीवरचे चित्र तिचेच आहे. ते तिनेच मुद्दाम काढवून मठात पोचवले होते. अ‍ॅम्ब्रोसिओ तिला निघून जा म्हणतो. निरोपाचे फूल तोडायला म्हणून तो झुडपात हात घालतो आणि त्याला विषारी जनावर डसते. माटिल्डा रात्री त्याच्या जखमेतले विष ओठांनी ओढून घेते. तो वाचतो, ती मरायला टेकते, आणि तिथे त्याचे व्रत मोडते. तिथून पुढे एकेक पायरी खाली. माटिल्डाचा कंटाळा येतो. मग अंतोनिया नावाच्या एका निष्पाप मुलीवर मन जाते. तिला मिळवण्यासाठी माटिल्डा जादूचा आरसा देते, कुलपे उघडणारी मंतरलेली फांदी देते. मुलीची आई आडवी येते, तिचा तो जीव घेतो. मुलीला गुंगीचे औषध देऊन, ती मेली असे भासवून, मठाशेजारच्या तळघरात, थडग्यांच्या मध्ये नेऊन ठेवतो. पुढचे मी आजीला सांगितले नाही आणि इथेही सांगत नाही. एवढे सांगतो की ती मुलगी त्या तळघरातून जिवंत बाहेर आली नाही.

या पुस्तकाने इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचे नाव नव्हते. दुसऱ्या आवृत्तीवर नाव आले आणि त्यापुढे 'पार्लमेंटचा सभासद' असेही आले. लुइस तोवर निवडून आला होता. कायदे करणारा माणूस असली पुस्तके लिहितो म्हणून लोक जास्तच खवळले. कवी कोलरिजने १७९७ मध्ये परीक्षण लिहिले. त्यात कल्पनाशक्तीची तारीफ होती, पण आपल्या मुलामुलीच्या हातात हे पुस्तक पाहून आईबापांचा चेहरा पांढरा पडावा, अशा अर्थाचा शेराही होता. शेवटी १७९८ च्या चौथ्या आवृत्तीत लुइसने स्वतःच बराच मजकूर गाळला. लोकांनी मात्र त्याला जन्मभर 'मंक लुइस' म्हणूनच हाक मारली. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरनच्या बंगल्यात मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन'ला हात घातला हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच उन्हाळ्यात हा लुइस तिथे पाहुणा आला होता आणि गटेचे 'फाउस्ट' त्याने बायरनला तोंडी भाषांतर करून ऐकवले होते. सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला याहून योग्य माणूस मिळाला नसता. १८१८ मध्ये जमेकातल्या आपल्या मळ्यांवरून, जिथे गुलाम राबत होते, परत येताना पीतज्वराने तो जहाजावरच वारला.

पण मी ओसरीवरची गोष्ट सांगत होतो.

कादंबरीत एक बाजूची कथा आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्याचे मूळ आहे. अ‍ॅग्नेस नावाची एक तरुण जोगीण आहे. घरच्यांनी तिला बळजबरीने मठात टाकलेले. तिचे एका तरुणावर प्रेम आहे आणि तिला दिवस गेले आहेत. तिची चिठ्ठी चुकून अ‍ॅम्ब्रोसिओच्या हाती पडते. ती त्याचे पाय धरते, म्हणते, दया करा, हे कुणाला सांगू नका. तो चिठ्ठी तिच्या मठाच्या कठोर प्रमुख बाईच्या हाती देतो. तेव्हा अ‍ॅग्नेस त्याला बजावते की तुमच्यावर अजून मोह आलेलाच नाही, म्हणून तुम्ही पुण्यवान. तुमची वेळ येईल तेव्हा माझी आठवण करा. पुढे तिला जिवंतपणीच तळघरात साखळीने बांधून ठेवतात. तिथे तिचे बाळ जन्मते आणि मरते.

मी इथपर्यंत आलो आणि थोरले मामा उठून अंगणात गेले. मला वाटले, विडी ओढायला गेले असतील.

मामांविषयी सांगायला हवे. ते कीर्तनकार होते. मोठ्या शहरांत नाव नव्हते, पण जिंतूर, वसमत, सेनगाव, कळमनुरी या पट्ट्यात सप्ताह असला की काल्याचे कीर्तन बुवांचेच, असा शिरस्ता होता. आवाज पहाडी. तोंडावर तेज. आणि जीभ तिखट. गावातल्या एका पोराने सप्ताहाच्या पेटीतले पाच रुपये उचलले, तर मामांनी भर कीर्तनात त्याचे नाव घेऊन त्याला उभे केले होते. लोक हसले, टाळ्याही पडल्या. ते पोरगे पुन्हा देवळाकडे फिरकले नाही. मी तेव्हा लहान होतो. मलाही मामांचा अभिमानच वाटला होता.

१९७५ च्या महाशिवरात्रीच्या आधी सप्ताहाची वर्गणी मामांकडे जमा होती. त्या काळात मुंबईत निघालेला मटक्याचा आकडा आमच्या खेड्यापाड्यांत चहाच्या टपरीपर्यंत पोचला होता. एक बुवा स्मशानात बसायचा, तो म्हणे आकडा सांगायचा. मामा त्याच्याकडे गेले ते त्याला फैलावर घेण्यासाठी. बुवाने वाद घातला नाही. तो म्हणाला, "महाराज, मी कोण सांगणारा? आकडा तुमच्याच जिभेवर आहे. एवढी वर्षं नाम घेतलंय, वाचासिद्धी झाली तुम्हाला. डोळे मिटून पहिला आकडा बोला." मामा बोलले. तो आकडा लागला. दुसऱ्यांदाही लागला. तिसऱ्यांदापासून लागला नाही, पण तोवर मामांना आपल्या जिभेची खात्री पटलेली होती. पंधरा दिवसांत साडेसातशे रुपये गेले. त्यांत गावाची वर्गणी होती, आणि मामीची बोरमाळही होती. एका पहाटे मामा घरातून नाहीसे झाले.

कादंबरीतल्या माटिल्डाने तरी दुसरे काय केले? तिने त्याला पाप कर असे सुरुवातीला म्हटलेच नाही. तू किती मोठा आहेस, एवढेच ती म्हणत राहिली.

मी गोष्टीचा शेवट सांगितला तेव्हा मामा परत येऊन बसले होते. अ‍ॅम्ब्रोसिओ पकडला जातो. धर्मन्यायालयाच्या तुरुंगात सैतान त्याच्यापुढे कागद धरतो. आत्मा लिहून दे, सोडवतो. तो नाही म्हणतो, पुन्हा नाही म्हणतो. मग दाराशी पहारेकऱ्यांची पावले वाजतात. आता आपल्याला जाळणार म्हणून तो घाबरून स्वतःच्या रक्ताने सही करतो. सैतान त्याला उचलून डोंगरावर नेतो आणि तिथे एकेक गोष्ट सांगतो. तू मारलीस ती तुझी आई. ती मुलगी तुझी सख्खी बहीण. आणि ते पहारेकरी तुला माफी झाल्याचे सांगायला आले होते. एक मिनिट धीर धरला असतास तर सुटला असतास. मग त्याला कड्यावरून खाली टाकतो. सहा दिवस तो मोडक्या हाडांनी पडून असतो. जवळच नदी वाहते आहे, पाण्याचा आवाज येतो आहे, पण त्याला तिथवर सरपटता येत नाही. सातव्या दिवशी पूर येतो आणि प्रेत वाहून नेतो.

ओसरीवर कुणी बोलले नाही. मग आजीने विचारले, "त्याला बोलवायला कुणी गेलं न्हाई का?"

मी हसलो. म्हटले, "आजी, कोण जाणार? पापी होता तो."

"पापी असला म्हणून काय झालं? मच्छिंद्रनाथ कमी का फसला होता?"

एम.ए.च्या वर्गात वर्षभर बसून जे मला दिसले नव्हते ते आजीने दाखवले. 'नवनाथ भक्तिसार' मालू कवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण केला. त्याच्या पुढच्याच वर्षी इकडे डब्लिनमधल्या चार्ल्स मॅच्युरिन नावाच्या पाद्र्याने 'मेलमॉथ द वाँडरर' ही दुसरी गाजलेली गॉथिक कादंबरी लिहिली. तिच्यातल्या मेलमॉथने दीडशे वर्षांच्या आयुष्यासाठी आत्मा विकलेला असतो आणि आपला करार घेणारे गिऱ्हाईक शोधत तो जगभर वणवणतो. कुणीच तयार होत नाही. म्हणजे एकाच सुमारास तिकडे आणि इकडे साधूच्या पतनाच्या कथा लिहिल्या जात होत्या. आमचा मच्छिंद्रनाथ तर नाथपंथाचा आदिगुरू. तो स्त्रीराज्यात जाऊन राणीच्या महालात रमतो. त्याला मीननाथ नावाचा मुलगा होतो. सगळा योग विसरतो. आणि त्याचाच शिष्य गोरक्ष, नाचगाण्याच्या ताफ्यात वेष पालटून शिरतो, दरबारात मृदंग वाजवतो आणि त्या मृदंगातून गुरूला हाक ऐकू येते. पोथी एवढ्यावर थांबत नाही. गुरू निघतो, पण झोळीत सोन्याची वीट लपवून निघतो. वाटेत पुन्हापुन्हा विचारतो, इथे चोराचे भय आहे काय? गोरक्ष ओळखतो, वीट काढून फेकून देतो. आजीला हा भाग सर्वांत आवडायचा. बाहेर आलेला माणूस लगेच स्वच्छ होत नाही, हे तिला पटलेले होते.

आणि औंढ्याच्या माणसाला तर हे पोथीतूनच शिकायला नको. नामदेव हिंगोलीजवळच्या नरसीचे. विठ्ठलाचे इतके लाडके की देव त्यांच्याशी बोलतो. तरी संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके वाजवून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. नामदेव रुसून देवाकडे गेले, तर देवानेच त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. विसोबा भेटले ते औंढ्याच्या देवळात, पिंडीवर पाय टाकून पडलेले. पाय उचल म्हणाल्यावर म्हणाले, जिथे पिंड नाही तिथे तूच ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड उगवू लागली. ज्याच्यासाठी पुढे अख्खे देऊळ फिरले अशी आख्यायिका आहे, त्या नामदेवांचा ताठा उतरला तो आमच्या गावात. अ‍ॅम्ब्रोसिओच्या माद्रिदमध्ये कुणाच्याच हाती थापटणे नव्हते. सगळे पाया पडणारेच.

एवढे मात्र कबूल केले पाहिजे की कादंबरी म्हणून लुइसची गोष्ट जास्त खरी वाटते. गोरक्ष वेळेवर पोचतो, पण आयुष्यात किती जणांचे गोरक्ष पोचतात? आपली भयकथा हा प्रश्न सहसा विचारत नाही. आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि गाजला तो रेनॉल्ड्स. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच आधाराने उभी राहिली. पुढे नारायण धारपांनी मराठी वाचकाची झोप उडवली, पण त्यांच्याकडेही 'समर्थ' आहेत; अखेरीस कुणीतरी अधिकारी पुरुष येतो आणि दुष्ट शक्तीला परतवतो. वाचक दिवा मालवून झोपू शकतो. लुइस दिवा मालवू देत नाही.

त्या रात्री सगळे निजल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसले. पूर्णेची गोष्ट त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितली. घरातून निघाले ते पूर्णा जंक्शनला गेले. तीन दिवस फलाटावर काढले. हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीचे तिकीट खिशात होते. तिकडे गेल्यावर परत यायचे नाही, असे ठरवले होते; "जगायचंही फारसं ठरवलं नव्हतं," असे ते म्हणाले. त्या दिवशी गाडीला उशीर झाला. आणि एस.टी.च्या एका ओळखीच्या कंडक्टरने बुवा पूर्णेला दिसल्याचे घरी सांगितले होते. आजी, जी उभ्या आयुष्यात कधी एकटी वसमतच्या पुढे गेली नव्हती, ती हातात भाकरीचे गाठोडे घेऊन फलाटावर उभी राहिली.

"रागावली नाही. काही विचारलं नाही," मामा म्हणाले. "म्हणाली, हरभरा काढायला आलाय, माणूस मिळेना. चल. आणि मी उठलो. गाडी सिग्नलला दिसत होती रे."

थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "तो तुझा साधू… पाण्यापर्यंत पोचलाच नाही?"

"नाही मामा."

सप्ताहाचे पैसे आजीने आपल्या पाटल्या मोडून पंचांपुढे ठेवले. मामा पुढे कधी कीर्तनाला उभे राहिले नाहीत. लोकांनी आग्रह केला तरी नाही. सप्ताहात ते मागच्या रांगेत टाळ घेऊन उभे असत. पाच रुपयेवाल्या त्या पोराच्या घरी ते गेले होते, एकदा नव्हे, तीन-चार वेळा. त्याने दार उघडले की नाही हे मामांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मी नंतर तीस वर्षे इंग्रजी शिकवले. 'द मंक' कधी अभ्यासक्रमात नव्हती, तरी दरवर्षी एखादा तास मी तिच्यासाठी चोरायचो. मुले शेवट ऐकून सुन्न व्हायची. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ते पहारेकरी दाराबाहेरूनच ओरडले असते तर?"

मागच्या महाशिवरात्रीला औंढ्याला गेलो होतो. आजी नाही, मामाही नाहीत. दर्शनाची रांग मोठी होती. माझ्यापुढे एक बाई सात-आठ वर्षांच्या नातवाला घेऊन उतरत होती. अर्ध्या वाटेत मूल अडून बसले, रडू लागले. मागचे लोक ओरडायला लागले. ती खाली जाऊन उभी राहिली आणि अंधारातून हात वर करून त्याला नावाने हाक मारू लागली.